मुंगळ्याच्या मिशा

आमच्या कर्वेनगरच्या बागेत लोखंडी मुंगळा आला तेव्हा मला रागच आला, कारण तो नेमका माझ्या बाकासमोर बसवला होता. मोटारसायकलची टाकी हे त्याचं पोट, बेअरिंगचे डोळे, सळयांचे पाय आणि पुढे हातभर लांब दोन मिशा. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या परिसरातली पोरं त्याच्या पाठीवर. शाळेत तीस वर्षं कलकलाट ऐकून निवृत्त झालेल्या बाईला बागेत तरी शांतता हवी असते.

पुण्यात राग आला की माणूस भांडत नाही, अर्ज करतो. मीही केला. माझ्या शांततेला कोण विचारणार? म्हणून लिहिलं, की मिशांची टोकं धारदार असून लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत. दुर्घटना घडल्यास जबाबदारी कोणाची? टोकं वळवून गोल केलेली आहेत हे मी पाहिलं होतं. तरी लिहिलं. भाषा चोख उतरली होती, वाचून मीच खूश झाले.

महिन्याभरात मिशा कापल्या गेल्या. मुंगळा तिथेच राहिला, पोरंही राहिली.

मग एका संध्याकाळी साठीपुढचे एक गृहस्थ त्याच्यापाशी दिसले. कापलेली जागा रुमालाने पुसत होते. थोड्या वेळाने माझ्याच बाकावर येऊन टेकले. नारायण पेठेत त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, नजर अधू झाली म्हणून बंद केलं.

"जन्मभर लोकांच्या खिडक्यांना ग्रिलं केली बाई. मनाजोगतं केलं ते हे एकच. टोकं नातीच्या गालावर फिरवून बघितली होती मी. तरी कुणीतरी अर्ज केलाच."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यांना सगळं कळलंय आणि आता बोलणार.

"आपण शाळेत होतात ना? पोरं सांगत होती," ते म्हणाले. "मिशा परत लावू द्या, असा अर्ज लिहून द्याल? आम्हाला काय ती भाषा जमायची नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शुद्धलेखनाच्या एकेका चुकीसाठी मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं आहे, आणि मला तोंडातून एक वाक्य काढता आलं नाही. पिशवीतून वही काढली आणि लिहायला लागले.

"आधी तक्रार आलीय, तिचं काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलं, 'पूर्वीच्या अर्जातील मजकूर खोटा आहे.' वाचून दाखवलं.

"इतकं कडक नको बाई. त्यांनाही मुलांची काळजीच असेल."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी ते वाक्य मी खोडलं नाही. त्यांच्या हातात पेन दिलं.

"सही कुठे करू? मला नीट दिसत नाही."

मी त्या वाक्याखाली बोट ठेवलं, आणि माझी सही हवी होती तिथे त्यांनी त्यांची केली.