ढोकरीच्या अंगात बाबाचा शर्ट

कर्जतला ज्या वकिलांकडे मी कामाला आहे, तिथे दिवसभर जमिनीचेच कागद टाइप होतात. त्याने माझा स्वभाव बिघडला, असं नवरा म्हणतो. कुणी म्हाताऱ्या माणसाशी जरा जास्त गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. आमच्या भागात जमीन मागायला कुणी थेट येत नाही. आधी चहा होतो, मग येणं-जाणं वाढतं, मग एक दिवस म्हातारा कुणाला न विचारता जमीन विकायच्या साठेखतावर सही करून मोकळा होतो आणि मुलं आमच्या टेबलासमोर येऊन भांडत बसतात.

म्हणून पोशीरहून शेजारच्या काकूचा फोन आला, "तुजा बाबा रोज दुपारचा त्या बंगल्यावर जातो गं, गोरीकडं," तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

आई गेल्यापासून बाबा गावात एकटाच राहतो. खोपोलीकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला आणि आता भातशेती बघतो. मी शेलूला फ्लॅटमध्ये राहते, रविवारी जाऊन येते. घरामागे ओढ्याला लागून बाबाचा एक तुकडा आहे, त्यात आंब्याची झाडं आहेत. पलीकडे लगेच तो बंगला. बंगलेवाली मुंबईची, तिच्याकडे शेतकरी दाखला आहे आणि आमचा तुकडा ती कैक वर्षं मागते आहे. गोरी म्हणजे तिची मैत्रीण, काही महिने राहायला आलेली. परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच संशय वाढला. ही नुसती गोड बोलायला आणून बसवली असणार, असं मी धरून चालले.

रविवारी न बोलावता बंगल्यावर गेले. गोरी बाई साठीच्या पुढची, उंच, पायात साधी रबरी चप्पल. व्हरांड्यात लांब टेबल होतं, त्यावर रंगाच्या वड्या आणि काचेच्या पेल्यांत गढूळ पाणी. बोलता बोलता ती कुंचला तोंडात घालून त्याचं टोक ओठांनी सरळ करायची. मला किळस आली.

ती इंग्लंडची, उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका गावातली. उभा जन्म लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढण्यात गेला. मुलीला मांडीवर घेऊन काढली, नवरा वेगळा झाला त्या वर्षीही काढली. बहुतेक चित्रांत कपडे घातलेले प्राणी. तिची एक अडचण होती. प्राण्याला साजेसा माणूस सापडल्याशिवाय तिला तो प्राणी काढता यायचा नाही. गावातल्या पोस्टमनचा तिने ससा केला होता, सख्ख्या मावशीचं बदक. मावशी दोन वर्षं बोलली नाही म्हणे. आता नवं पुस्तक भातशेतातल्या ढोकरीचं होतं. ढोकरी म्हणजे खाचरात मान आखडून उभा राहणारा मातकट पक्षी. उडाला की एकदम पांढरा दिसतो. पक्षी तिला मिळाला होता, माणूस मिळत नव्हता. मग एके दिवशी बांधावर उभा असलेला बाबा दिसला.

गोष्ट अशी होती की ती खोटी आहे असं म्हणताही येईना. मी तिची पुस्तकं मागितली. तिने दोन आणून दिली, वर तिचं नाव होतं. नाव काय, कुणाचंही छापता येतं, असं मी मनात म्हटलं.

"काय बोलता रोज दोघं?" घरी आल्यावर मी बाबाला विचारलं. कारखान्यात परदेशी इंजिनियर यायचे, त्यांच्याकडून उचललेल्या इंग्रजीवर त्याचं भागतं.

"काय नाय. ती काढते, मी बसतो."

"आणि कागदबिगद?"

"कागदच हायत की तिच्याकडं सगळे."

गणपतीत आणखी एक गोष्ट खटकली. आरतीचं ताट बाबा कधी कुणाच्या हाती देत नाही. त्या वर्षी त्याने ते माझ्या नवऱ्याकडे दिलं आणि प्रसाद मला वाटायला लावला. स्वतः उजवा हात खिशात घालून भिंतीला टेकून उभा राहिला. देवासमोर खिशात हात घालून उभा राहणारा हा माणूस नव्हे. याचं घरातलं लक्ष उडालं, असा मी अर्थ लावला आणि मला रडू आलं.

मग नवरात्रात, मी भांडी आवरत असताना, त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सही जुळली नाय तर अंगठा चालतो का गं?"

मी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. आमच्या ऑफिसात असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या घरी पुढे काय होतं, ते मी रोज बघते. "कशाला पायजे अंगठा?" मी विचारलं. "असंच," म्हणाला आणि बाहेर गेला. मी कपाटातून सातबारा आणि फेरफाराची फाइल काढली, पिशवीत दुधी भोपळ्याखाली घातली आणि शेलूला घेऊन निघाले. बाबा दारात बसला होता. पिशवीकडे बघून म्हणाला, "भोपळा लई जड दिसतो."

भातकापणी सुरू झाली तेव्हा मी मधल्या वारी अर्धी सुट्टी काढली. नेरळहून टमटमने आले ती घरी न जाता सरळ बंगल्यावर गेले, दोघांना एकत्र गाठायचं म्हणून. बाबा अजून आला नव्हता. बाई टेबलाशी होती. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधून तिने चित्रं वाळत घातली होती, कपड्यांच्या चिमट्यांनी.

सगळीकडे ढोकरी होती, आणि तिच्या अंगात बाबाचा चौकड्याचा शर्ट. ढोकरी बांधावर, ढोकरी खेकड्याशी वाद घालताना, ढोकरी चहा पिताना. मान बाबाची, उभं राहणं बाबाचं, वाकून बघण्याची ती जुनी खोडही त्याचीच. आणि प्रत्येक चित्रात उजवा पंख खिशात. चहाचा कप डाव्या पंखात, तोही अर्धाच भरलेला. शर्टाची वरची बटणं उघडी.

माझं डोकं फिरलं. रागात माझं इंग्रजी बरं येतं. "माझ्या बाबाची थट्टा चालवली आहेस का? त्याला काय थोटा समजलीस?"

तिने कुंचला खाली ठेवला. "मला दिसतं ते मी काढते," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, पंख असाच ठेवू का. ते म्हणाले, तसाच ठेव. बाकीचं त्यांनी तुला सांगायचं आहे, मी नाही."

सांगायचं आहे म्हणजे काय, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि समोर बांधावरून बाबा येताना दिसला. चालताना डावा हात हलत होता, उजवा खिशात. मध्ये पाण्याचा पाट आहे. तो ओलांडताना तोल सांभाळायला त्याला हात बाहेर काढावा लागला. बाहेर आलेला हात थरथरत होता. पाट ओलांडला तरी थरथरतच होता. त्याने तो लगेच आत घातला आणि इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून.

दर रविवारी मी या माणसासमोर बसून जेवत होते.

"आज कसं गं मधीच?" व्हरांड्यात चढत बाबाने विचारलं. मग माझ्याकडे, दोरीकडे, परत माझ्याकडे बघितलं.

"अंगठा कशाला पायजे होता तुला?"

तो खुर्चीत बसला. "बँकेवाल्यानं स्लिप परत केली. सही जुळत नाय बोलला. मी बोललो आमची बाय वकिलाकडं हाय, तिला इचारतो."

"डॉक्टरकडे गेलास?"

"कल्याणला जाऊन आलो. कंपवात बोलले. गोळ्या चालू हायत."

कल्याणला जाताना त्याची गाडी शेलूला थांबली असणार. माझ्या घरापासून स्टेशन पाच मिनिटांवर आहे. "मला नाही सांगितलंस," मी म्हणाले. "हिला सांगितलंस." मला त्या बाईचा हेवा वाटत होता, आणि तो लपत नव्हता.

"तिला कुठं सांगितलं? तिनं बघितलं." बाबाने हनुवटीने तिच्याकडे दाखवलं. "ती बघते ना, तवा तिचं तोंड हाय तसंच ऱ्हातं. झाड बघावं तसं बघते. मंग मला पन काय वाटत नाय. हात बाहेर काढून बसतो मी हितं."

बाईला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललं आहे ते कळलं असावं. ती खाली बघून रंग कालवत राहिली.

"मला दाखव," मी म्हणाले.

त्याने उजवा हात काढून टेबलावर ठेवला. बोटं लाकडावर वाजत होती. मी हाताकडे बघत होते आणि तो माझ्या तोंडाकडे. तोंड नीट ठेवायचा मी होता होईल तितका प्रयत्न केला. थोड्या वेळाने त्याने हात उचलला आणि परत खिशात घातला.