सुलभाने चिनी देवाला लावलेला कौल

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी शेडमध्ये वेल्डिंग करत होतो. नर्स म्हणाली, "अंकल, जल्दी आओ." तिथंच समजलो. माझी बायको, सुलभा, गेली... लिहायची मला सवय नाही, चौथीत शाळा सुटली. पण आम्हाला मूल नाही. तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार?

इथं आखातात, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत माझी हयात गेली. ती आली उशिरा, मी फोरमन झाल्यावर. शेवटी पोटाचं दुखणं निघालं आणि डॉक्टर म्हणाला, विमानात बसायचं नाही. तेव्हापासून तिला एकच घोर, गाव परत दिसेल का? गावी असती तर रवळनाथाला कौल लावला असता. गुरव देवाला पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. इथं कुठला रवळनाथ?

माझ्याबरोबर लिन नावाचा चिनी फिटर आहे. त्यांच्या कॅम्पात एका खोलीत चिन्यांनी देऊळ मांडलंय, बाहेरून कळतही नाही. एका शुक्रवारी त्यानं आम्हाला नेलं. लाल तोंडाचा दाढीवाला देव, पुढ्यात संत्री, चहाचे पेले, उदबत्त्यांचा धूर. लिननं कैरीच्या फोडीएवढे दोन लाकडी तुकडे काढले, एका बाजूनं सपाट, दुसरीनं फुगीर. देवाला विचारायचं आणि जमिनीवर टाकायचे. सुलभा ताठ झाली. "वो, ह्यो तर कौलच! त्येका इचारा, उजवो खंयचो नि डावो खंयचो?"

लिननं मोडक्या हिंदीत सांगितलं. एक सपाट, एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर, तर नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला. "बा देवा म्हाराजा, मी जित्ती गावाक पोचतलंय मां?"

दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले.

"भाभी, भगवान हँसता है," लिन म्हणाला. "फिर पूछो."

"एकदा इचारलंय, खलास. देवाक कोण दोनदा इचारता?"

गाडीत बसल्यावर म्हणाली, "दात काढणारो देव पयल्यांदाच बघलंय." आणि स्वतःच हसली. कितीतरी दिवसांनी.

नाही पोचली जिवंत. पेटीतून नेली, विमानाच्या पोटात, सामानाबरोबर. गावी सगळं उरकलं, रवळनाथाकडे मात्र गेलो नाही. काय विचारणार त्याला? नोकरी थोडी उरलीय म्हणून परत आलोय. लिन म्हणतो देवळात चल, मी जात नाही.

इथं उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते, नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. म्हणून ती सकाळीच माझी बादली भरून ठेवायची, संध्याकाळपर्यंत निवायची. गावच्या बावीचं पाणी कसं थंडगार, हे भरताना रोज ऐकवायची... आता कामावरून येतो तर बादली कोरडी. सकाळी मला भरता येईल, हात काही मोडले नाहीत. पण भरत नाही. संध्याकाळी भरलेली दिसली तर मी तिला हाक मारीन.