खाली दुकान, वर दिनूकाका

दिनूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. पहिलं मनात आलं ते हेच, की शेवटच्या भेटीत मी त्यांना नाही नाही ते बोलले होते...

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडिलांच्या मागोमाग नागपूरहून भोपाळला आले आणि पिपलानीच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान थाटलं. कारखान्याची वसाहत उभी राहिली तेव्हाचीच ती ओळ, खाली दुकानं आणि वर दोन-दोन खोल्या. भर दुपारी, दुकान बंद असताना पोरं खालून ओरडायची, "काका, ग्राफ पेपर!" काका जेवण टाकून उतरायचे. काकू कुरकुरायची, "सुखानं दोन घास खाऊ देतील तर शपथ!" अलीकडे ती ओळ पाडून नवं बाजारसंकुल बांधायचं ठरलं आणि काका हटून बसले. "दुकानदार गिऱ्हाइकाच्या डोक्यावर राहतो, अशी बांधणी आता कुठे राहिलीय? लिहून दे." जुनी वास्तू म्हणून ओळ जपावी, असा अर्ज मी पुरातत्त्व खात्याला लिहिला. पाहणीला तिथले साहेब येणार, असं उत्तरही आलं.

आणि काकांनी काय करावं! सगळ्या दुकानदारांना कामाला लावलं. भिंतींना गुलाबी डिस्टेंपर, लाकडी फळ्यांची दारं काढून चकचकीत शटर, खिडक्यांना अॅल्युमिनियम. साहेबांनी ओळ न्याहाळून विचारलं, "काकाजी, इसमें पुराना क्या है?"

"कुछ नहीं साहब," काका अभिमानानं म्हणाले, "सब नया करवा दिया!"

मी कपाळावर हात मारला. साहेबांची पाठ फिरताच रस्त्यातच ओरडले, "काका, तुम्हीच पाडलीत ओळ!"

"अगं, चार माणसं येणार... त्यांना पोपडे दाखवायचे का?" एवढंच म्हणाले. चेहरा पार उतरला होता. महिन्याभरात ते गेले. त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

तेराव्यानंतर साहेब काकूला भेटायला आले. चहाला म्हणून तिनं त्यांना दुकानातल्या जिन्यानं वर नेलं. साहेब मध्येच थांबले. लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत हाताचा तेलकट, काळा पट्टा.

काकू ओशाळली, माझ्याकडे बघून पुटपुटली, "इथे रंग लावायचा राहिलाच. आत कोण बघतंय, म्हणाले."

साहेबांनी वही काढली. चहा निवला तरी ते पायऱ्यांची मापं घेत होते. पाडकाम तूर्त थांबलंय. काकूला मी बजावलंय, त्या भिंतीला फडकं लावायचं नाही. परवा उतरताना मीही त्याच पट्ट्यावर हात ठेवला, तर तो बराच खाली न्यावा लागला. काका माझ्याहून बुटके होते, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.