खिचडीवाल्या बाईचं नाव मी घेतलं

पोरीचे डोळे वर गेले, दातखिळी बसली, हातपाय लाकडावानी ताठ झाले, आन मी आंगणातच खाली बसली आन तोंडातून निघून गेलं, "मी शपथ मोडली, मी दुसऱ्याले मत देल्लं, म्हणूनच झालं हे." मतदान करून येऊन दोन घंटे झाले असन, ऊन अजून भिंतीवरच होतं. सासूबाईनं माह्या दंडाले धरलं. "कोणं शिकवलं तुले?" मी पोरीकडं पाहून राह्यली होती, तिच्या तोंडाले फेस येत होता, मले काहीच सुचत नव्हतं, आन मी म्हणली, "खिचडीवाल्या बाईनं."

तिनं नव्हतं शिकवलं. पण बोलली ते बोलली, आन आंगणात तवा पाच-सहा जणं उभे होते. आता ती बाई कोण होती ते सांगते, नाई तं तुमाले वाटन कोणाचं तरी नाव घेतलं, त्यात काय एवढं.

गावातल्या शाळेत लेकरायची खिचडी शिजवाची ती. पोंभुर्ण्याच्या बाजूचं आमचं गाव, तीन बाजूनं जंगल. मी वडश्याकडून लग्न होऊन आली तवा गावात मले पयले हाक मारणारी तीच. "ये वो माय, नवी सून, भात खाऊन पाय," म्हणे. बारकी, काळी, केस पांढरे, पदर कमरेले खोचलेला. बौद्ध वस्तीतली. सुरुवातीले दोन-चार घरच्यांनी लेकरायले घरून डबे देल्ले होते म्हणते, तिच्या हातचं नको म्हणून. तिनं कोणाले काही म्हणलं नाई, फक्त डाळीले लसणाची फोडणी जरा जास्त देऊ लागली. आठ दिवसांत डबे बंद. माह्या नवऱ्याले बी तिनंच खाऊ घातलं लहानपणी. मोठा माणूस झाला तरी भर रस्त्यात म्हणे, "तू चौथीत भाजी फेकत होता बाबू, माह्या ध्यानात आहे."

आन ध्यानात ठेवाची तिची एक वेगळीच रीत होती. इलेक्शनच्या वक्ती पक्षाचे लोक जे कागद वाटतात ना, हे करू आन ते करू लिवलेले, ते ती फेकत नव्हती. शाळेच्या स्वयंपाकखोलीत डाळीच्या डब्याखाली एकावर एक ठेवून देत होती, पाच-पाच वर्षांचे. ती चौथी शिकली होती, मी आठवी. मंग पुढच्या खेपेस कोणी प्रचाराले आलं का म्हणे, "थांबा भाऊ, तुमचं मागचं काढते." हात लांब करून, डोळे बारीक करून, एकेक अक्षर वाचे. "उपकेंद्रात चोवीस घंटे नर्स. भाऊ, ते झालं का, का यंदा बी तेच छापून आणलं?" एक कार्यकर्ता हासून म्हणला, "बाई, तुमचं डोस्कं कॉम्प्युटर आहे." ती म्हणली, "डोस्कं नाई भाऊ, कागद आहे. तुमचाच."

ती कोणत्याच पक्षाची नव्हती, आन गावात हेच कोणाले समजत नव्हतं. आमच्याकडं घराले पक्ष असते, जसं घराले आडनाव असते. आमच्या मामाजीच्या, म्हणजे माह्या सासऱ्याच्या, घरावर तीस वर्षांपासून एकच झेंडा. बाईचा देर बी एका पक्षाचा होता, तो तिले सगळ्यांपुढं टोमणा मारे, "वहिनी, तू ना इकडची ना तिकडची." बाई तांदूळ निवडता निवडता म्हणे, "मी इथचीच आहे बाबू. तूच दोनदा तिकडं जाऊन आला." मी एकदा तिले इचारलं, बाई, तुमाले भेव नाई लागत का, सगळे एकीकडं आन तुमी एकट्या. ती म्हणली, "पक्ष म्हणजे माहेर नोहे माय, का चुकलं तरी बाजू घ्यावी."

मतदानाले बी ती एकटीच जाची. बूथ दुसऱ्या गावात, मधात जंगल, वाघाचं भेव, म्हणून पक्षवाले जीप लावतात आन बाया भरून नेतात. ही काठी घेऊन पायी. "जीपमधी बसून गेली का मत रस्त्यातच सांडते," म्हणे.

तं मागच्या वर्षी आमचे झेडपीचे मेंबर वारले, मुदत अर्धीच झाली होती, आन मधातलं इलेक्शन लागलं. धान कापून झालं होतं. मामाजी म्हणत, हे जिंकलंच पाहिजे, नाई तं तालुक्यात आपल्याले कोणी पुसणार नाई. बाई म्हणे, "मधातल्या इलेक्शननं सरकार नाई बदलत, पण त्याचा कान पिळता येते." मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या आंगणात वाड्यावरच्या सगळ्या बायायले बोलावलं. ताटात हळदीचे तांदूळ. एकेकीनं आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवाचा, तांदूळ उचलाचे आन म्हणाचं, घरचं मत घरालेच. आमच्याकडं हे दर खेपेले होते. मी बी ठेवला हात. दीड वर्षाची पोर, टाळू नुकतीच भरलेली, माह्या हाताखाली गरम लागली.

मंग मी भेवून बाईकडं गेली. सांगतलं शपथ घेतली म्हणून. ती चुलीपुढं होती, जळतं लाकूड मागं ओढलं. मंग म्हणली, "लेकराचं डोस्कं काय टेबल आहे, कोणी बी हात आपटाले? ज्यानं शपथ घ्याले लावली त्यालेच लागते ते." मी म्हणली, मंग मी कोणाले देऊ बाई. ती म्हणली, "ते मले नको इचारू. तुले जे आठवते त्यावर दे." डब्याखालचा कागद काढून माह्या हातात देल्ला, तोच नर्सचा, आमच्याच घरच्या पक्षाचा, आन खिचडी वाढाले निघून गेली.

बस एवढंच बोलली ती. मी खरं सांगून राह्यली.

बूथमधी मशीनपुढं मी उभी राह्यली. आमच्या घरच्या पक्षानं घरकुल देल्लं, हे खरं. मामाजीच्या बिमारीत त्याच लोकांनी गाडी लावली, हे बी खरं. पण माह्या पोरीच्या वक्ती उपकेंद्राले कुलूप होतं, आन ती पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली झाली, नाळ कापाले ब्लेड बी नव्हतं. आंगठा एका बटणावर गेला, मंग दुसऱ्यावर गेला. बाहेरून साहेब म्हणले, "झालं का वो ताई?" मी आमचं सोडून बाजूचं बटण दाबलं. भोंगा वाजला, आन मले वाटलं सगळ्या गावानं आयकलं.

आन घरी आली तं पोरगी तापलेली, मंग तो झटका. सासूबाई मांत्रिकाले बोलवा म्हणून राह्यल्या होत्या. बाई मतदानाहून पायीच येऊन राह्यली होती, आरडाओरड आयकून आंगणात शिरली. पोरीचे कपडे काढले, आपला पदर ओला करून आंग पुसलं, एका कुशीवर धरलं. रस्त्यावर आमच्याच पक्षाची जीप उभी होती, झेंडा लावलेली. ही जीपच्या पुढं जाऊन उभी राह्यली. ड्रायव्हर म्हणला, "बाई, तुमी तं आमच्या गाडीत बसत नाई." ती म्हणली, "आज बसते. चाल." दवाखान्यापर्यंत पोरगी तिच्या मांडीवर. डॉक्टर म्हणले मलेरियाचा ताप आहे, तापानं झटका आला, कुशीवर ठेवलं ते चांगलं केलं. शपथेचं त्यांनी काही म्हणलं नाई. माह्या तोंडातून नाव निघालं तवा ती आंगणात नव्हती, तिले काहीच माहीत नव्हतं. दोन दिवस ती माह्यासोबत दवाखान्यात बसली, माह्या पोरीले चमच्यानं पाणी पाजलं, आन मी तिले सांगतलं नाई.

गावात तं तोपर्यंत पोहचलं होतं. निकाल लागला, आमचा पक्ष पडला, आन आमच्या बूथवर बी मागं. मंग सगळे म्हणाले लागले का खिचडीवालीनं बाया फोडल्या. शाळा समितीची सभा लागली. अध्यक्ष आमचे मामाजीच. शाळेच्या ओट्यावर सगळे बसले, बाई खाली एका कोपऱ्यात, आन मले बोलावलं. मामाजीनं इचारलं, "सूनबाई, शाळेत लेकरायपुढं हिनं तुले कोणाले मत द्याचं ते सांगतलं का? हो का नाई, एवढंच सांग." घरचे माह्याकडं पाहून राह्यले होते. सासूबाई दारात. पोर मांडीवर, अजून अशक्त, माहा पदर चोखत. मी बाईकडं पाह्यलं. तिनं मान हालवली नाई, डोळ्यानं बी काही सांगतलं नाई, ती फक्त पोरीकडं पाहून राह्यली होती का ताप आहे का उतरला.

मी हो म्हणली.

पुढच्या महिन्यापासून खिचडी दुसरी शिजवते. लेकरं अर्धी ताटात टाकतात. बाई गडचिरोलीले पोरीकडं गेली. जायच्या दिवशी मी एसटीच्या फाट्यावर गेली, लय बोलाचं होतं, मले रडूच येत होतं. ती म्हणली, "पोरीले मच्छरदाणीत निजवत जा," आन गाडीत चढली. रागावली असती तं बरं झालं असतं.

रात-दिवस मी स्वतःले सांगते का नाई म्हणली असती तं मले घरातून काढलं असतं, पोरीले कुठी नेलं असतं, माहेरी आईच नाई. खरं आहे ते. आन ज्या बाईनं माह्या पोरीले मांडीवर घेतलं तिचं काम मी घालवलं, ते बी खरं आहे. तुमी बाया आहा, तुमच्या बी घराले पक्ष असन, सासरा असन. तुमी त्या ओट्यावर बसल्या असत्या, लेकरू मांडीवर, सगळे तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यले असते, तं तुमी काय म्हणल्या असत्या?