मगुम्बाच्या आवाजाला पेटी

बुलिकेच्या बाजारात मगुम्बाचं सिनेमाघर आहे. वर पत्रा, बाजूला पत्रा, आत फळ्यांची बाकं आणि एका टोकाला टीव्ही. शेजारच्या डुगडुगत्या टेबलामागं मगुम्बा माईक धरून बसतो. टीव्हीतली माणसं इंग्रजीत नाहीतर चिनीत काय ती वटवट करतात आणि मगुम्बा ती आमच्या लुसोगात सांगतो. सांगतो म्हणजे निम्मं पदरचं घालतो. पिस्तूलवाल्या गोऱ्याला तो इगांगा गावचा जावई करून टाकतो, चिनी बाईला सुके मासे विकायला बसवतो. लोक सिनेमा बघायला जातात असं कुणी म्हणत असेल तर त्याला आत जायला मिळालेलं नाही. आम्ही मगुम्बाला ऐकायला जातो, सिनेमा आपला चाललेला असतो.

बाकी माणूस कवडीच्या कामाचा नाही. तरुणपणी सायकलवरनं माणसं वाहायचा. एकदा मागं बसलेलं गिऱ्हाईक खड्ड्यात पडलं, हा पुढच्या गावापर्यंत एकटाच बोलत गेला आणि तिथं उतरून भाडं मागायला लागला. भुईमूग पेरला तेव्हा रानात कमी आणि बांधावर जास्त असायचा, कारण बांधावर माणसं भेटतात. देवानं त्याला तोंड दिलं आणि बाकीचं सामान द्यायला विसरला. शेवटी बायकोनं, कागोयानं, डोकं चालवून हे पत्र्याचं घर उभं केलं, म्हणजे बोलायचं तर निदान तिकीट लावून तरी बोलेल.

आवाज मोठा करायचं यंत्र होतं ते मेव्हण्यानं काम्पालाहून आणून दिलेलं. घरातल्या खोलीत बसून सिनेमा ऐकायचा रिसीव्हर, जीव बेताचा. माईकची वायर त्यालाच. पाठीवर लिहिलेलं होतं की सहा ओहमच्या खालचे स्पीकर जोडू नका. मगुम्बानं पाठ कधी बघितली नव्हती.

ह्या वर्षी उंदरांनी जुन्या स्पीकरचे कागद खाल्ले. तेव्हापासून मगुम्बा बोलला की तोंडात गरम रताळं धरल्यासारखं ऐकू यायचं. त्यात समोरच मुकेम्बोनं नवं सिनेमाघर काढलं. मुकेम्बो माशाच्या धंद्यात पोसलेला, त्यानं पुरुषभर उंचीच्या स्पीकरच्या पेट्या आणल्या. तिथं बॉम्ब फुटला की आमच्या चहाच्या कपात लाट यायची. पोरंसोरं तिकडं गेली, मागनं बाप्येही.

एका सकाळी मुकेम्बो रस्ता ओलांडून आला.

"मगुम्बा गड्या, तू माझ्या दारावर बस. तिकिटं फाड. स्टूल देतो, दुपारचं जेवण देतो. एकच अट, बोलायचं नाही."

मगुम्बा त्या दिवशी जेवला नाही. ज्याचं सगळं घरदार तोंडावर उभं, त्याला तोंड मिटायची नोकरी!

कागोयानं गाभण शेळी विकली आणि पैसे नवऱ्याच्या हातात दिले. "जिंजाला जा. ह्या यंत्राला झेपतील असे स्पीकर आणा. आणि अवो, दुकानात जरा दुसऱ्याचंही ऐका."

मगुम्बानं जिंजात स्पीकर निवडले ते बोकड निवडतात तसे, उचलून बघून. जो उचलताना कंबर कुरकुरली तो चांगला.

दुकानदार सेकज्जा म्हणाला, "मामा, यंत्र कुठलं आहे? हे चार ओहमचे. ओहम जेवढे कमी, तेवढा पेटी जास्त करंट ओढते. तुमच्या यंत्राला फेस येईल."

"यंत्र माझं का तुझं?"

"तुमचंच."

"मग गाडीवर चढव."

शनिवारी दुपारी खेळ लागला. पेट्या बघायलाच घर भरलं. मगुम्बानं हिरोची सात पिढ्यांची ओळख करून दिली. हिरोनं बॉम्ब काढला, दात लावून पिन उपटली, फेकला. आणि टक्! यंत्र बंद. टीव्हीवर आगीचा डोंब, आवाज माशी शिंकल्याएवढाही नाही.

"बॉम्ब भिजला काय रं!" मागनं कुणीतरी ओरडलं.

मगुम्बानं यंत्र थंड होऊ दिलं, परत लावलं. परत बॉम्ब, परत टक्. यंत्राच्या टपावर केळी भाजून निघाली असती. तिसऱ्या बॉम्बाला लोक आधीच कानात बोटं घालून बसले आणि काहीच झालं नाही म्हणून पोट धरून हसले. मगुम्बाच्या बोलण्यावर हसणं वेगळं आणि हे वेगळं. लोक उठून समोर गेले. मुकेम्बोनं दारातनं स्टूल उचलून दाखवलं.

सोमवारी नवराबायको पेट्या घेऊन परत जिंजाला गेले. मीही गेलो, कारण त्या पेट्या गाडीत चढवायला तिसरं कुणी तयार नव्हतं. सेकज्जा बेरकी खरा, पण खाष्ट नव्हता. माल बदलून देतो म्हणाला.

"आठ ओहमचे घ्या," तो म्हणाला. "आणि आणखी एक बघायचं असतं. काही पेट्या यंत्रानं जीव काढून ढकललं तरी हूं करतात. काही चिमूटभर करंटवर गावभर ओरडतात. तुमच्यासारख्यांनी ओरडणाऱ्या घ्याव्या." त्यानं आठ ओहमच्या तीन पेट्या मांडल्या आणि बॉम्बाची तबकडी लावायला घेतली.

कागोया म्हणाली, "बॉम्ब राहू द्या, दादा. आमच्याकडं बॉम्बाला कोण येतंय? ह्यांना माईक द्या. मी रस्त्यापलीकडं त्या चपातीवालीजवळ थांबून ऐकते."

रस्त्यापलीकडं एक जाडजूड बाई तव्यावर अंडं-चपाती करत होती. कपाळावर आठी, कुणाशी बोलायचा मूड नाही. मधनं ट्रक जात होते.

मगुम्बानं आपली हुकमी जागा सुरू केली. हिरो खोलीत घेरला गेलाय, दहा बंदुका रोखल्यात, हिरो ढिम्म. मग दार उघडतं आणि हिरो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतनं उडी टाकतो. सिनेमात दारातनं पोलीस येतो. मगुम्बाच्या सिनेमात सासू येते. आमच्यात जावई सासूच्या नजरेला पडत नाही. ती वाटेत दिसली तर खुळ्यागत झुडपात शिरतो, काट्याकुट्याचा विचार करत नाही. त्यामुळं ही जागा आली की आमच्याकडं बाकं मोडतात.

पहिली पेटी, काळी चकचकीत. मगुम्बा बोलला. चपातीवाली कागोयाला म्हणाली, "कसली मयत झाली तिकडं?"

दुसरी, निळे दिवे लुकलुकणारी. चपातीवालीनं मान वर केली. "ढमढम करतोय नुसता. औषध विकतोय का?"

तिसरी पेटी राखाडी, शाळेच्या कपाटासारखी, उचलायला हलकी. मगुम्बानं तिला आधी हातही लावला नव्हता, आता एका हातानं उचलली. "ही? ही तर रिकामी आहे!"

"बोला तर खरं, मामा."

मगुम्बा तोंड वाकडं करून बोलला. खिडकीपाशी आला. "गोळ्यांना भ्याला नाही हो हिरो! दार उघडलं आणि आत कोण? सासूबाई!"

चपातीवालीच्या हातातलं अंडं तव्याऐवजी विस्तवात पडलं. ती कंबरेवर हात ठेवून हसत सुटली, तिच्या गिऱ्हाईकाला ठसका लागला.

कागोया रस्ता ओलांडून आली. "हीच. दोन घ्या, एक मधोमध, एक तिच्या शेजारी. मागच्या बाजूला लावायच्या घेऊ नका, लोकांची तोंडं पुढं असतात."

"रिकामी पेटी घेऊन जायची म्हणजे..." मगुम्बा पुटपुटला.

"तुम्ही भराल की."

शनिवारी पुन्हा तोच सिनेमा. माणसं थोडीच, निम्मी फजिती बघायला आलेली. बॉम्ब फुटला, बऱ्यापैकी फुटला, कपात लाट वगैरे नाही. यंत्र गप थंड बसलेलं. आणि मगुम्बाचा शब्द न् शब्द, ओठ हलायचा आवाजसुद्धा, पत्र्याच्या बाहेर केळीच्या बागेपर्यंत. बाहेरनं जाणारे थांबायला लागले. कागोया दारात तिकिटं फाडत होती, हात पुरेना.

खिडकीची जागा आली. दार उघडलं, सासूबाई आल्या, घर हसलं. दारात कागोया हसली, तिचं ते घोगरं, कोंबडी हाकलल्यासारखं हसू. आणि तेच्या तेच हसू दुसऱ्या बाजूनं, मगुम्बाच्या पाठीमागच्या पत्र्यापलीकडनं आलं.

मगुम्बानं दाराकडं बघितलं. कागोया तर तिकडं. मग मागं कोण?

माईक टाकून गडी टेबलाखाली!

कागोयाची आई लेकीला भुईमुगाच्या शेंगा द्यायला आली होती आणि भिंतीमागं उभी राहिली होती. जावई दिवसभर अंधारात बसतो एवढंच तिला ठाऊक, तो काय बोलतो ते आजवर तिला ऐकू गेलं नव्हतं.

"सासू आली रं, सासू!" कुणीतरी बोंब मारली आणि सगळं घर आडवं झालं. टेबलाखालनं एक हात आला, त्यानं वायर धरून माईक आत ओढला.

"बघा मंडळी," टेबल बोललं, "हिरो मेला तरी चालेल, पण आता बाहेर येत नाही."

पत्र्यामागं पुन्हा कोंबडी हाकलली गेली. गर्दी कशाला झाली म्हणून मुकेम्बोचे लोक रस्त्यावर आले, मग इकडं आले, मागनं मुकेम्बोही आला. कागोयानं त्याला दारातच गाठलं.

"मुकेम्बो, ते स्टूल दे की."

"बसायला तयार झाला का मगुम्बा?"

"ते नाहीत. आई उभी आहे मागं. सिनेमा संपायला वेळ आहे अजून."