आईच्या हातावरची तुळस

ख्रिस्ती माणसाने अंग गोंदवून घ्यावं की नाही, यावरून आमच्या घरात जेवढा वाद झाला तेवढा माझ्या लग्न न करण्यावरूनही झाला नाही. वाद पपांचा आणि माझा. पपा केंद्र सरकारच्या नोकरीसाठी नगरकडून दिल्लीत आले, सरकारी क्वार्टरमध्ये उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर गाझियाबादला फ्लॅट घेतला. मी त्यांची एकुलती एक मुलगी. नोकरी नोएडात करते आणि त्यांच्याजवळच राहते.

आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, गोंदण होतं. तीन ठिपके आणि खाली तुळशीचं छोटंसं रोप, एका बाजूला कललेलं. तिच्या माहेरचे लोक ख्रिस्ती व्हायच्या आधी, ती अगदी लहान असताना, गावात आलेल्या गोंदणारणीने ते काढलं होतं. सुई टोचल्यावर हात झटकला म्हणून तुळस वाकडी झाली, असं ती सांगायची. पपा आमच्या मराठी मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच. ते पाहुण्यांसमोर तिची थट्टा करायचे, "पंचाच्या घरात तुळस, आणि तीही बिनपाण्याची!" आई "अहो, पुरे" म्हणून पदर पुढे ओढायची. त्या हिरव्या रेघांना पपांनी पाप म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

आई गेली. आजारपण लांबलं होतं, त्यामुळे भेटायला येणारे "सुटली बिचारी" म्हणायचे. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग यायचा. ती सुटली असेल, मी कुठे सुटले होते? एका शनिवारी मी तिच्या हाताचा फोटो घेऊन दक्षिण दिल्लीतल्या एका टॅटूच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, पौधा टेढा है. सीधा कर दूँ?" मी म्हटलं, "बिल्कुल नहीं. जैसा है वैसा ही चाहिए." त्याने तसंच काढलं. दुखलं, पण रडायला एक कारण मिळालं म्हणून बरंही वाटलं.

संध्याकाळी पपांना वाढताना बाही वर सरकली आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"हे काय?"

"आईचं गोंदण."

पपा कधी ओरडत नसत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. हात धुऊन पवित्र शास्त्र घेऊन आले, जुन्या करारातलं ते पान काढलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "नीट वाच. मेलेल्या माणसापायी अंगावर खुणा करायच्या नाहीत, हेच तर सांगितलंय. दुसऱ्या कुणाला पळवाट असेल, तुला नाही."

मीही त्यांचीच मुलगी. त्याच पानावरचा दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड न घालण्याचा नियम मी त्यांच्यापुढे धरला. "मग तुमच्या टेरिकॉटच्या सफारीचं काय? आणि दाढीच्या कडा कापू नयेत, हे वाचलंत का? रोज सकाळी घोटून दाढी करता!" त्यावर ते म्हणाले की ते इस्राएल लोकांसाठी होतं. मी म्हटलं, मग हे काय गाझियाबादच्या लोकांसाठी आहे? ते म्हणाले, शरीर हे देवाचं मंदिर आहे. मी म्हटलं, मंदिराला कुणी रंग देत नाही का? असं कित्येक दिवस चाललं. वादात मी जिंकायचे, आणि जिंकल्यावर पपा ताट तसंच ठेवून उठायचे.

"मग आईचं कसं चाललं तुम्हाला?" एकदा मी विचारलंच.

"तिला कळत नव्हतं तेव्हा झालं ते. तुला कळत होतं," पपा म्हणाले.

आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा, दिल्लीतल्या एका दुसऱ्या मंडळीच्या चर्चमध्ये, त्यांची हिंदी उपासना आटोपल्यावर व्हायची. सगळे मिळून मोजकी घरं. प्रभुभोजनाच्या वेळी आमच्यात कुणी उठून पुढे जात नाही. पंच ताटली घेऊन बाकाबाकाशी येतात, आपण बसल्या जागी भाकरीचा तुकडा घ्यायचा. भाकर म्हणजे कडा काढलेल्या पावाचे चौकोनी तुकडे. ते कापायचं काम वर्षानुवर्षं आईकडे होतं, ती गेल्यावर माझ्याकडे आलं.

त्या महिन्यात पपा ताटली घेऊन आमच्या बाकाशी आले. उन्हाळा होता, माझ्या बाह्या अर्ध्या होत्या. मी हात पुढे केला. ताटली माझ्या हातावरून पलीकडे, शेजारच्या मावशींपुढे गेली. मावशी गोंधळल्या. त्यांनी स्वतःचा तुकडा घेतला आणि ताटली माझ्याकडे वळवली, तर पपांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि पुढच्या बाकाकडे गेले. मी कापलेले तुकडे सगळ्यांना मिळाले.

मी आमची उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडे गेले. ते भले गृहस्थ. म्हणाले, "प्रभू अंतःकरण पाहतो, बेटा. पण पंचांचंही मन सांभाळावं लागतं. तू उजवीकडच्या बाकावर बस ना, तिकडे दुसरे पंच असतात." उपाय सोपा होता. पण मला उजवीकडची भाकर नको होती. मला ती पपांच्याच हातून हवी होती. आई गेल्यावर या जगात माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं आणि ते दर महिन्याला सगळ्यांसमोर मला ओलांडून जात होतं. तरी मी डावीकडेच बसत राहिले. आज ना उद्या विरघळतील, अशी आशा होती.

ते विरघळण्याआधी विसरायला लागले. आधी चाव्या, मग घराकडे वळणारी गल्ली, मग आई गेली आहे हे. डॉक्टर म्हणाले, "टोकू नका, वाद घालू नका. हाँ में हाँ मिलाते रहिए." वाद घालू नका हे आम्हा दोघांना सांगायला फारच उशीर झाला होता.

एका दुपारी मी भांडी घासत होते, बाह्या कोपरापर्यंत वर. पपा स्वयंपाकघरात आले, माझ्या डाव्या हाताकडे पाहत राहिले आणि लाडात म्हणाले, "अगं, चहा टाकतेस ना?" अगं हे आईला. मला ते कायम नावाने हाक मारायचे. मी मागे वळून "अहो, टाकते" म्हटलं. किती वर्षांनी ते माझ्याकडे बघून हसले होते.

मग ते रोजचंच झालं. हात उघडा असला की मी आई. ते माझ्याशी बोलायचे, जेवायचे, माझ्या हातून औषध घ्यायचे. बाही खाली असली की बऱ्याचदा मी कुणीच नसे, आणि एखाद्या दिवशी त्यांना मी नेमकी ओळखू यायची. त्या दिवशी ते माझ्याशी बोलत नसत. आता चर्चमध्ये जाणं त्यांना झेपत नव्हतं, म्हणून पाळकसाहेबच प्रभुभोजन द्यायला घरी आले, सोबत मावशी. मी मुद्दाम लांब बाह्यांचा कुर्ता घातला आणि बटणं लावली. पपा सगळंच विसरलेत, माझ्यावरचा तो रागही विसरले असतील, असं मला वाटलं. खरं तर खात्रीच होती.

प्रार्थना झाल्यावर पपांनी पाळकसाहेबांच्या हातून ताटली मागून घेतली. पंचच ते. चाल अगदी तीच. आधी मावशींना दिली. मग माझ्यासमोर आले, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, माझं नाव घेतलं, अगदी स्पष्ट, आणि पुढे गेले.

पाळकसाहेब "पंचसाहेब" म्हणत उठायला लागले. मी त्यांना खुणेने थांबवलं. बटण काढलं, बाही वर केली आणि हाक मारली, "अहो."

पपा वळले. हाताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं, तू इथे बसलीस होय? घे."

मी तुकडा उचलला. मग आईच्या आवाजात, म्हणजे मला जमेल तेवढ्या, म्हटलं, "पोरीलाही द्या ना. तिथे बसलीय ती. किती दिवस तिला असं वगळायचं? लेकरूच आहे तुमचं."

पपांनी ताटली छातीशी घेतली. "तिला नाही."

"माझ्यासाठी तरी?"

"तुझ्यासाठीसुद्धा नाही. तिला कळत होतं," ते म्हणाले. मग आवाज एकदम मऊ करून, "तू खा गं."

माझ्यासाठी यापुढे विनवणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, पपाही, फार मायेने. मी तो तुकडा तोंडात घातला.