चोरचोळी

माझ्या थोरल्या जावेशी खोटं बोलायचं मी दहा पावलांत ठरवलं. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांच्या खोलीचं दार आणि बाहेरचं बाकडं, यांच्यामधली दहा पावलं. तेव्हा ते मला शहाणपण वाटलं होतं.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. तिचा डावा स्तन काढून महिना झाला होता. मी तिला वयनी म्हणायचे. तेहतिशीची होती, लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. मी मालवणजवळच्या कट्टा गावातल्या शाळेत शिक्षिका. घरात डॉक्टरांशी शुद्ध बोलता येणारी मी एकटीच, म्हणून मला सोबत पाठवलेलं. मोठे दीर बरोबर होते, पण आतलं काही ऐकायची वेळ आली की त्यांना नेमकी चहाची तल्लफ यायची.

डॉक्टरांनी सगळं मला सांगितलं, तिला नाही. त्या काळी रोगी सोडून सगळ्यांना सांगायची पद्धत होती. म्हणाले, "हा कॅन्सर बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसतो. ते अडवायचे दोन मार्ग. एक, ऑपरेशन करून बीजकोश काढायचे. मग मूल कायमचं नाही. दुसरा, रोज एक गोळी, निदान दोन वर्षं. हार्मोन अंगात राहतो, पण गोळी त्याला रोगापर्यंत पोचू देत नाही. पाळी मागेपुढे होईल, कदाचित थांबेल. मळमळेल, अंगातून वाफा निघतील. आणि गोळी चालू असेपर्यंत दिवस राहता कामा नयेत. दोन्ही तिला समजावून सांगा आणि तिला काय हवंय ते विचारा."

मी मान डोलावली. दार ओढून घेतलं आणि विचार केला, ही अकरा वर्षं उपास करतेय. मूल नाही म्हटलं तर गोळी विहिरीत टाकेल आणि मरेल. हे खरं कारण. दुसरंही एक होतं, तेही सांगते. मला कंटाळा आला होता. तिच्या रडण्याचा, इस्पितळाच्या वासाचा, सगळ्याचा.

"काय म्हणालो डॉक्टर?" तिने विचारलं.

"रोज एक गोळी. शक्तीची आसा. आंग भरान येतला."

बीजकोशाचं नाव मी काढलंच नाही. तिचा निर्णय मीच घेऊन टाकला. दिवस राहता कामा नयेत हे दिरांना तरी सांगायला हवं होतं, पण थोरल्या दिरासमोर ते कुठल्या तोंडाने बोलणार? गिळलं.

आमच्या घरी पाळी आली की पडवीत बसायचं. वयनी बाहेर बसली की पाणी, चूल, गोठा सगळं माझ्या गळ्यात, आणि ते उरकून सकाळची एस.टी. गाठायची. त्यामुळे तिचे दिवस मला पाठ होते. पुढचे दोन महिने मला आरामात एस.टी. मिळाली. सासूबाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि देवाला साखर ठेवली.

वयनीला सकाळी मळमळायचं. अंगातून वाफा निघायच्या, पदराने वारा घेत मागच्या दारी बसायची. डॉक्टरांनी सांगितलेली एकूण एक लक्षणं, आणि एकूण एक घरात दुसऱ्याच कारणाखाली जमा होत होती. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "देवान आयकल्यान गो. पण खरो गुण तुझ्या गोळयेचो."

मी हसले. काय करणार होते?

खरंच दिवस राहिले असले तर काय, या भीतीने मी तिची लघवी बाटलीत घेतली. रक्त वाढलं की नाही बघायचंय, अशी आणखी एक थाप मारली. मालवणला तपासून आणली. काहीही नव्हतं. तो कागद आठ दिवस माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होता. रोज ठरवायचे, आज सांगू. पण त्या घराने तिला अकरा वर्षांत जे दिलं नव्हतं ते त्या आठ दिवसांत दिलं. सासूबाई तिच्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा वाढत होत्या. याच सासूबाईंनी माझ्या ओटीभरणाला तिला मागच्या दारी मासे साफ करायला बसवलं होतं, वांझेची सावली पडू नये म्हणून. तेव्हा मी मखरात बसले होते आणि गप्प राहिले होते. आता पुन्हा गप्प होते, आणि याला मी दया म्हणत होते.

मग सासूबाईंनी चोरचोळी काढली. तिसऱ्या महिन्यात बाहेर कळू न देता हिरवी चोळी द्यायची, गुपचूप ओटी भरायची. चोळी त्यांनी जुन्या मापावर शिवून आणली. वयनीने ती घातली. डाव्या बाजूला कापड रिकामं लोंबत होतं. तिने पदर पुढे ओढला आणि पाटावर बसली. इतकी आनंदात मी तिला आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. ओटीत तांदूळ पडले, नारळ पडला.

"आता गोळी पुरे," वयनी म्हणाली. "बाळाक बाधात."

"गोळी सोडू नको," मी म्हटलं.

"कित्याक? शक्ती इली मा आता."

"सोडू नको म्हणतंय ना मी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हिच्या पोटात दुखता. आपली दोन झाली, दुसऱ्याचा बघवना नाय."

तिला बाजूला नेता आलं असतं. आजही ती मागची खोली मला दिसते, दार उघडं होतं. पण माझं डोकं फिरलं. मी पुस्तकातून कागद काढून आणला आणि वर्गात निकाल वाचावा तसं वाचून दाखवलं. दिवस नाहीत. पाळी गोळीने थांबली. गोळी कॅन्सरची आहे, शक्तीची नाही. ती चालू असेपर्यंत मूल होऊ द्यायचं नाही. सोडलीस तर रोग परत येईल.

कोणी रडलं नाही. सासूबाई वाकल्या, तिच्या ओटीतला नारळ उचलला आणि फडताळात ठेवून आल्या. मग तांदूळही सुपात काढून घेतले, मूठ मूठ करून. वयनी पदर पसरून बसून राहिली, त्यांना सोपं जावं म्हणून.

"तुका कधीपासून म्हायत होता?" तिने मला विचारलं.

"आठ दिस."

"आणि गोळयेचा?"

"मुंबयसून."

तीन दिवस तिने गोळी घेतली नाही. मी पाया पडले, तिने पाय मागे घेतले. चौथ्या सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ती अंगणात आडवी आली. तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"ही कसली गोळी? सांग."

"कॅन्सर परत येव नये म्हणान."

"आणि?"

"पाळी थांबता हिच्यान."

"आणि?"

मी एस.टी.च्या रस्त्याकडे पाहिलं. ती वाट पाहत उभी राहिली.

"ही घेतंस तोपर्यंत तुका मूल होवचा नाय."

तिने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि तांब्या विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी सांगितल्याशिवाय ती गिळत नसे, आणि तिने गिळल्याशिवाय मला घर सोडता येत नसे. एकदा एस.टी. वळणावर दिसली म्हणून मी पळता पळता म्हटलं, तर तिने हाक मारून परत बोलावलं. एस.टी. गेली. डॉक्टरांनी सांगितलेली दोन वर्षं तिने एक दिवस चुकवला नाही. रोग परत आला नाही. लोक मला म्हणायचे, तुझ्यामुळे वाचली ती.

एका सकाळी माझी तीन वर्षांची मुलगी माझ्या कडेवर होती. वयनीने गोळी पुढे धरली आणि माझ्या आधी मुलगीच बोलली. तिला सगळं पाठ झालं होतं, माझ्याच सुरात.

"तुका मूल होवचा नाय."

वयनीने तिच्या गालावरून हात फिरवला. "तू नको गो बाय," ती म्हणाली. "तुझ्या आवशीक सांगांदे."

मी सांगितलं.